ताऱ्याभोवतीचं कंकण काढताना जमीन वाकवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळी अंकातल्या एका विज्ञानकथेसाठी तुम्ही मुखपृष्ठ करताय. कथेत सूर्यासारख्या एका ताऱ्याला पूर्ण वेढा घालणारं प्रचंड कंकण आहे, ते स्वतःभोवती फिरतं आणि माणसं त्याच्या आतल्या बाजूला राहतात. त्रिज्या १५ कोटी किमी, पट्ट्याची रुंदी १६ लाख किमी. तुम्ही पुढे नदीकाठचं गाव, मागे दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेली जमीन आणि मधोमध सूर्य असं चित्र केलंत. लेखकाचं म्हणणं पडलं, ‘चित्र सुंदर आहे, पण भव्य वाटत नाही. बोगद्यात बसल्यासारखं वाटतं.’ तुम्ही विचारलंय की नेमकं कुठे चुकतंय आणि भव्यता आणायची कशी.

लेखक बरोबर आहेत, आणि चूक एकाच जागी आहे. तुम्ही जमीन वाकवलीत. वाकलेली जमीन पाहिली की डोळा नकळत त्या वाकाचं वर्तुळ पुरं करतो आणि त्याचं माप काढतो. तुमच्या चित्रातल्या नदीचा वाक मी पट्टी लावून पाहिला. घरांच्या उंचीशी तुलना केली तर वर्तुळाची त्रिज्या दोन-तीन किमीच्या पुढे जात नाही. तुम्ही १५ कोटी किमीचं कंकण काढायला बसलात आणि तीन किमीचं पिंप काढून उठलात.

ही सवय आपल्या सगळ्यांना एकाच जागेहून लागली आहे. १९७५ साली नासाच्या ॲमेस संशोधन केंद्रात अंतराळातल्या वसाहतींवर एक उन्हाळी अभ्यासवर्ग झाला. त्यातल्या कल्पना डॉन डेव्हिस आणि रिक गायडिस या चित्रकारांनी रंगवल्या. १० हजार माणसांसाठीचं चाकासारखं स्थानक, त्याचा व्यास १.८ किमी, मिनिटाला एक फेरी. दुसरी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांची नळकांड्याची कल्पना, सुमारे ६.४ किमी व्यास आणि ३२ किमी लांबी. त्या चित्रांत जमीन वर चढते, डोक्यावर उलटी शेतं दिसतात, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण ती घरं खरोखरच तेवढी छोटी होती. विद्यार्थी असताना मी त्या चित्रांच्या कितीतरी नकला केल्या. आजही ती मला या विषयावरची सर्वांत प्रामाणिक चित्रं वाटतात. घोटाळा पुढच्या पिढ्यांनी केला. ‘अंतराळातलं घर म्हणजे वाकलेली जमीन’ एवढंच त्यांनी उचललं आणि ते कुठल्याही आकाराच्या घराला लावलं.

आता आकडे पाहू. वर्तुळाच्या आत उभं राहिलं की समोरची जमीन किती वर उचलली जाते हे काढायला सोपा हिशेब आहे. अंतराचा वर्ग करा आणि व्यासाने भागा. १.८ किमीच्या चाकात १०० मीटर पुढची जमीन साडेपाच मीटर वर असते, म्हणजे जवळजवळ दोन मजले. तो वाक दिसणारच. तुमच्या कंकणावर मुंबईत उभं राहून दिल्लीच्या दिशेने पाहा. सरळ रेषेत साडेअकराशे किमी. तिथली जमीन किती उचललेली असेल? साडेचार मीटर. अकराशे किमीत साडेचार मीटर! आपल्या पृथ्वीवर तीच दिल्ली मुंबईच्या पातळीरेषेच्या सुमारे १०० किमी खाली गेलेली असते. एक लाख किमी दूर गेलात तरी कंकणाची जमीन ३३ किमीच वर येते, आणि एवढ्या अंतरावरून तो चढ अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरतो. डोळ्याला तो शून्यच.

म्हणून कंकणावरची जमीन सपाट काढायची. पृथ्वीपेक्षाही सपाट.

पण सपाट म्हणजे आपली नेहमीची क्षितिजरेषा नव्हे. इथे चित्रकाराला जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्याही विषयात मिळत नाही. किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्राची रेषा आपल्यापासून साडेचार-पाच किमीवरच असते. पृथ्वी तिथून खाली वळते, म्हणून ती रेषा धारदार दिसते. कंकणावर काहीच खाली वळत नाही. रत्नागिरीच्या जेटीवरून निघालेल्या गलबताचा आधी तळ आणि मग शीड बुडतं, तसं तिथे होणार नाही. गलबत अख्खंच्या अख्खं लहान होत जाईल आणि शेवटी हवेत विरून जाईल. अगदी निर्मळ हवेतही तीनेकशे किमीच्या पलीकडचं काही दिसत नाही, हवाच पडदा होते. म्हणजे जमीन संपते ती रेषेने नाही, रंगाने. आधी हिरवी, मग निळसर हिरवी, मग निळसर करडी, मग फक्त आकाशाच्या तळाचा फिका पांढुरका रंग.

जलरंगात करत असाल तर इथे कोरड्या कागदावर ब्रश टेकवू नका. कागद ओला असताना आकाशाचा वॉश खाली आणा, जमिनीचा वर न्या आणि दोन्ही एकमेकांत मिसळू द्या. संगणकावर करत असाल तर धूसरतेचा थर अंतरानुसार चढवा, हाताने ग्रेडियंट ओढू नका. सराव हवा असेल तर पावसाळा संपता संपता महाबळेश्वरला जाऊन एकामागे एक उभ्या डोंगररांगा रंगवा. सहावी-सातवी रांग आणि आकाश यांत फरक सांगता येत नाही, ती जागा नीट पाहून ठेवा. कंकणावरचं क्षितिज म्हणजे फक्त तीच जागा, मैलोन्‌मैल.

मग कंकण दिसतं कुठे? त्या धूसर पट्ट्याच्या वर, आकाशात. जमीन हवेत हरवते आणि हवेच्या वर, खूप वर, एका कमानीच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. मधला दुवा दिसतच नाही. चित्र पाहणाऱ्याला आधी वाटतं, पाठीमागे आकाशात काहीतरी फिकट पट्टा आहे. दुसऱ्या क्षणी लक्षात येतं की आपण उभे आहोत तीच जमीन ती आहे. तुमच्या लेखकाला हवी असलेली भव्यता या दोन क्षणांच्या मधे आहे. जोड दाखवलीत तर ती गेली.

कमानीची रुंदी मात्र मापून काढा, अंदाजाने नको. हात लांब करून पाहिलं तर करंगळीची जाडी साधारण एक अंश, मूठ दहा अंश, पूर्ण चंद्र अर्धा अंश. मुखपृष्ठाची रुंदी १८ सेमी आणि तेवढ्यात ६० अंशांचा देखावा धरला, तर एक अंश म्हणजे ३ मिमी. तुमच्या आकड्यांवरून मी काढलेली रुंदी अशी येते: क्षितिजापासून अर्ध्या अंशावर कमान तब्बल ३४ अंश रुंद, एक अंशावर साडेसतरा, दोन अंशांवर नऊच्या आत, पाचावर साडेतीन, दहावर पावणेदोन, तिसावर ०.६. पंचेचाळीस अंशांवर तर ती चंद्राहूनही अरुंद होते, म्हणजे तुमच्या कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटर. आकार डोळ्यांसमोर येत नसेल तर समई आठवा. खाली पसरट बैठक, ती झपकन आवळते आणि मग वरपर्यंत बारीक दांडी. त्यातही बैठकीचा बराचसा भाग हवेच्या धूसरतेत बुडालेला. दिवसा तीन-चार अंशांच्या खालचं काही काढूच नका.

डोक्यावर काय होतं? समोरची बाजू ३० कोटी किमीवर, तिची रुंदी ०.३ अंश. सूर्य अर्ध्या अंशाहून थोडा मोठा. म्हणजे कमानीचं टोक सूर्याच्या मागे झाकलं जातं. सगळं जग डोक्यावरून फिरून येतं आणि नेमकं शिखर कधीच दिसत नाही. तुमच्या कथेत तिथले लोक पूजाअर्चा करत असतील, तर लेखकाला हे जरूर सांगा. अशा गोष्टीतून पुराणं जन्माला येतात.

आणखी एक. कमानीचे दोन पाय एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना असतात, एक समोर आणि एक पाठीमागे. एका चौकटीत दोन्ही दाखवायचे तर माशाच्या डोळ्यासारखं भिंग लागेल, आणि ते भिंग पुन्हा सगळं वाकवून छोटं करेल. तुमच्या चित्रात दोन्हीकडून जमीन चढते, तिथे हीच अडचण आहे. एकच पाय काढा. दुसरा पाहणाऱ्याच्या पाठीशी आहे हे त्याचं त्याला कळू द्या.

दिवसाच्या आकाशातली कमान कशी रंगवायची, यावर एकच नियम मी पाळते. आकाशात आकाशापेक्षा गडद काहीही काढायचं नाही. सकाळी नऊ वाजता पश्चिमेला उतरणारा चंद्र पाहा. त्याचे डाग काळे नसतात, निळे असतात, आणि न उजळलेली बाजू तर आकाशाच्याच रंगाची असते. कारण आपल्या आणि चंद्राच्या मधली उजळलेली हवा त्याच्यावर पसरलेली असते. कमानीचंही तसंच. तिचा उजेडातला भाग फिका पांढरा, रात्र असलेला भाग म्हणजे आकाशाचा निळा. जगातल्या बहुतेक चित्रांत दिवसाच्या निळ्या आकाशावर काळ्या पट्ट्यांची कमान असते. ते पाहिलं की कमान मागे जात नाही, कागदावर चिकटवल्यासारखी पुढे येते.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. असल्या कंकणावर सूर्य कायम माथ्यावर, मावळायला जागाच नाही. म्हणून रात्र करायला आतल्या बाजूला सावलीच्या मोठाल्या चौकटी फिरवायची कल्पना विज्ञानकथाकार लॅरी निव्हेन यांनी १९७० च्या ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरीत मांडली. तुमच्या लेखकाची मापंही त्या कंकणाच्या जवळपासचीच आहेत. तिथे अशा वीस चौकटी आहेत. तुमच्या कथेतही वीसच धरल्या, तर कमानीवर दिवस-रात्रीच्या वीस जोड्या दिसतील. प्रत्येक जोडी आकाशात किती लांब? नवशिके चित्रकार त्या वरवर जाताना आखूड करत नेतात, रुळांच्या फळ्यांसारख्या. इथे ते चूक आहे. दहावीच्या भूमितीतलं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आठवा. वर्तुळावरचा समान कंस वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूपाशी समान कोन करतो, आणि आपण तर वर्तुळावरच उभे आहोत. १८ अंशांचा कंस, त्याच्या निम्मे ९ अंश. जवळची जोडी ९ अंश, दूरची ९ अंश, माथ्याजवळची ९ अंश. रुंदी कमी होत जाते, लांबी मात्र ढळत नाही. हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ कंपास हातात धरून नुसती बसले होते. शाळेत पाठ केलेलं प्रमेय आकाशात टांगलेलं दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

हे पट्टे दिवसाला एक जोडी या वेगाने सरकतात, तासाला चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी. तिथली माणसं कमानीकडे पाहून वेळ सांगतील. घड्याळ लागणारच नाही.

आता उजेड. मला वाटतं तुमच्या चित्रात वाकानंतरची दुसरी मोठी अडचण हीच आहे. तुम्ही गावावर डावीकडून सोनेरी तिरपं ऊन टाकलंत. चित्रकाराचा हात आपोआप तिकडे जातो, कारण तिरप्या उन्हात आकार खुलतात. पण या जगात तिरपं ऊन नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सूर्य बरोबर माथ्यावर. अभ्यासासाठी आपल्याला लांब जायला नको. महाराष्ट्रात मे महिन्यात प्रत्येक गावाचा एक शून्य सावली दिवस येतो, पुण्याचा साधारण १३-१४ मेच्या सुमारास. (जुलैत तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात.) त्या दुपारी मी दर वर्षी गच्चीवर वही घेऊन बसते. माणसाची सावली पायाखाली जाते. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा आणि हनुवटीखालचा भाग काळवंडतो. कपाळ आणि खांदे पांढरेफटक होतात. भिंतींवर ऊन नुसतं घासून जातं, त्यामुळे भिंती मंद आणि गच्च्या झगझगीत. पण हनुवटीखालच्या त्या काळवंडलेल्या भागात जमिनीचा रंग परतून येतो. तांबड्या मातीवर उभ्या असलेल्या बाईच्या गळ्यावर तांबूस झाक असते, हिरवळीवर हिरवी. तुमच्या मुखपृष्ठावर नदीकाठी उभी असलेली मुलगी आहे. तिच्या चेहऱ्याला खालून नदीचा उजेड द्या. एवढ्यानेच वाचकाला कळेल की ही जागा पृथ्वी नाही, आणि त्याला कारणही सांगता येणार नाही.

संध्याकाळही वेगळी. सूर्य क्षितिजाजवळ जात नाही म्हणून तांबडा होत नाही. चौकटीची कड त्याच्यावर सरकते आणि पांढरा उजेड पांढराच राहून कमी होत जातो. चौकटी आपल्या बुधाच्या अंतरावर धरल्या तर सूर्य पूर्ण झाकायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागेल. २६ डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्रातून खंडग्रास दिसलेल्या सूर्यग्रहणात झाडाखाली पडलेले कवडसे तुम्ही पाहिले असतील. गोल कवडशांच्या जागी कोरी झाल्या होत्या. कंकणावर हे रोज संध्याकाळी होईल, फक्त कोरी होणार नाहीत. चंद्राची कड गोल असते, चौकटीची सरळ. कवडसे सुरीने भाकरी कापावी तसे सरळ कापले जातील. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसती कड. रोज संध्याकाळी वडाखालच्या पारावर पसरलेल्या अर्ध्या कापलेल्या हजारो कवडशांचं चित्र आजवर कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही काढावं असं मला मनापासून वाटतं.

रात्रीची गोष्ट थोडक्यात सांगते. रात्र काळी नसेल. कमानीचा उजळलेला भाग आपल्या चंद्राच्या शेकडोपट क्षेत्राचा आणि चंद्राच्या काळसर खडकापेक्षा अधिक उजेड परतवणारा. जमिनीवर शंभराहून अधिक पौर्णिमांएवढा उजेड पडेल, रंग ओळखता येतील, वाचता येईल. तारे थोडेच दिसतील. तेव्हा तुमच्या कच्च्या आराखड्यातली आकाशगंगा काढून टाका.

पट्ट्याच्या कडेला हवा अडवायला भिंती आहेत, १,६०० किमी उंच. त्या क्षितिजावर दाखवाव्यात का असं तुम्ही विचारलंय. गाव पट्ट्याच्या मध्यावर असेल तर भिंत आठ लाख किमीवर, तिची उंची ०.१ अंश, ती हवेत कधीच विरघळलेली. दाखवू नका. भिंत हवीच असेल तर गाव तिच्याजवळ न्यावं लागेल आणि मग चित्राचा विषयच भिंत होईल. पायथा दिसत नाही, ढगांच्या वरून एक फिकट निळा कडा सुरू होतो आणि चित्राच्या वरच्या कडेपर्यंत संपत नाही. ते वेगळं मुखपृष्ठ आहे.

काही गोष्टी संपूर्ण कंकण बाहेरून दाखवण्याबद्दल, कारण लेखक कदाचित तो पर्याय सुचवतील. कंकण कागदावर २० सेमी व्यासाचं काढलं तर पट्ट्याची रुंदी एक मिलिमीटरच्या किंचित वर येते आणि सूर्याचा ठिपका एक मिलिमीटरच्या किंचित आत. म्हणजे बांगडी नाही, दोरा. जी चित्रं आपण पाहतो त्यांत बांगडी असते आणि मधे संत्र्याएवढा सूर्य. जवळ जाऊन पट्ट्याचा तुकडा काढायचा म्हटलं तर दुसरी अडचण. पट्टा १२ सेमी रुंद काढला तर अख्खी पृथ्वी एका मिलिमीटरचा ठिपका होते. पृथ्वीच्या नकाशासारखे खंड आणि समुद्र तिथे रंगवले की प्रत्येक खंड शेकडो पृथ्वींएवढा झाला. ते कुणी ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक वेळा उपग्रहाचा फोटो चिकटवलेला असतो. त्या फोटोतली चक्रीवादळंही सोबत येतात. हे मात्र साफ चूक. पृथ्वीवर वादळाला भोवरा मिळतो तो जमिनीला काटकोनात असलेल्या फिरकीमुळे. विषुववृत्तावर ती शून्य असते, म्हणून तिथे चक्रीवादळं होत नाहीत. कंकणाचा अक्ष त्याच्या जमिनीला सगळीकडे समांतर. म्हणजे सगळं कंकण एका अर्थाने विषुववृत्तच. शिवाय एक फेरी नऊ दिवसांची. ढग लांबट काढा, दिवस-रात्रीच्या सीमेला समांतर, गरगरीत नकोत.

कंकण टिकेल का, हा प्रश्न चित्राचा नाही, पण लेखकाला कुणीतरी विचारणारच. पृथ्वीइतकं वजन जाणवायला ते सेकंदाला सुमारे १,२०० किमी वेगाने फिरलं पाहिजे. त्या ताणाला उत्तम पोलाद लाखो पटींनी कमी पडतं. शिवाय अखंड कडं ताऱ्याभोवती स्थिर राहत नाही, जरा सरकलं की सरकतच जातं. शनीचं कडं अखंड असूच शकत नाही हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८५९ च्या निबंधात याच वाटेने दाखवलं होतं. ‘रिंगवर्ल्ड’ आल्यावर १९७१ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशा घोषणा दिल्या, आणि निव्हेन यांनी पुढच्या कादंबरीत कंकणाला सावरणारी इंजिनं बसवली. तुमच्यासाठी यातून एवढंच घ्या: ज्या पदार्थाचं हे बनलंय तो आपल्या ओळखीचा नाही. तेव्हा त्यावर रिव्हेट, वेल्डिंगच्या रेघा, लोखंडी तुळया काढू नका. त्या दिसल्या की मन लगेच जहाजबांधणीच्या गोदीत जातं आणि मापही गोदीचंच धरतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की कंकणाऐवजी ताऱ्याला सगळीकडून झाकणारा पूर्ण गोल काढला तर जास्त भव्य होईल का. माझा सल्ला नाही असाच आहे. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० साली ‘सायन्स’ नियतकालिकात जी कल्पना मांडली, ती ताऱ्याचा सगळा उजेड वापरणाऱ्या आणि उरलेली ऊब अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत सोडणाऱ्या वस्तीची होती. गुरूएवढं द्रव्य पृथ्वीच्या दुप्पट अंतरावर पसरलं तर दोन-तीन मीटर जाडीचा थर होईल असा हिशेब त्यांनी दिला, आणि लोकांनी लगेच टणक कवच डोळ्यांसमोर आणलं. त्यावर त्यांनी त्याच वर्षी स्पष्ट केलं की अखंड कवच यांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, आपल्या मनात स्वतंत्र कक्षांत फिरणाऱ्या वस्त्यांचा थवा होता. कवचाच्या आतल्या बाजूला कवचाचं स्वतःचं गुरुत्व शून्य, त्यामुळे सुटी वस्तू हळूहळू सूर्याकडे पडत जाणार. रात्रही नाही. रंगवायला उरतं काय? थवा मात्र रंगवण्यासारखा आहे, पण तो बाहेरून जवळजवळ अंधारच रंगवावा लागतो. उजेड आत अडलेला, मधूनमधून एखाद्या वस्तीची कड चमकलेली. आपल्या खगोलशास्त्रज्ञांनी अशा ताऱ्यांचा शोधही दृश्य उजेडात नाही, अवरक्त उबेत घेतला आहे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला तो अंधार पेलणार नाही. कंकणच ठेवा.

लेखकाला जमिनीचा वाक हवाच असेल, कथेतली माणसं डोक्यावरच्या शेजाऱ्याला हाक मारत असतील, तर मग त्यांनी कथेत ओनील यांच्यासारखं सहा-सात किमीचं नळकांडं घ्यावं. तुमचं आत्ताचं चित्र त्याला जसंच्या तसं चालेल. दोन्ही एकदम मिळणार नाही.

नवीन आराखडा करायला घेतलात तर तो उभा करा. खालच्या तिसऱ्या भागात नदी आणि मुलगी, नदीत दोन-तीन होड्या, त्यातली शेवटची इतकी लहान की शोधावी लागावी. तिच्यापुढे नदी रंगातच संपू द्या. मधला मोठा भाग रिकामा ठेवा, तो भरायचा मोह होईल. त्याच्या वर, मधोमध नको, किंचित उजवीकडे, कमानीचा एक पाय. पेन्सिलीने काढताना तिच्या दोन्ही कडा पट्टीने सरळ आखू नका, समईसारख्या आवळत न्या आणि रुंदी वर दिलेल्या आकड्यांनी तपासा.

छपाईचंही आधीच पाहून घ्या. सव्वा मिलिमीटरची फिकट रेघ चार रंगी ऑफसेटमध्ये अवघड जाते. प्लेट केसभर सरकली तर तिला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार येते. माझ्या एका मुखपृष्ठाची कमान अशीच दुरंगी छापून आली होती. तेव्हापासून मी त्या भागातलं आकाश जवळजवळ निव्वळ सायन या निळ्या शाईत ठेवते, मॅजेंटा ही गुलाबी शाई अगदी कमी, काळा अजिबात नाही. आकाशात एकच मुख्य शाई असली की प्लेट सरकली तरी किनार दिसत नाही. मुद्रकाकडे फाइल देण्याआधी कमानीचा तेवढा पट्टा वेगळा काढून प्रूफ मागा, आणि ते दिवसाच्या उजेडात हात लांब करून पाहा.